ओळख आणि दया

मनुष्यास जवळून ओळखलें म्हणजे त्याच्याविषयीं मनांत दया उत्पन्न होते, असा समज सुशिक्षित समाजांत फार रूढ आहे. क्रौर्य अज्ञानांतून जन्मतें. परक्याचा चेहरा एकदां नीट न्याहाळला कीं उगारलेला हात खालीं येतो, अशी आपली श्रद्धा असते. ही श्रद्धा कितपत खरी, याचा विचार करण्यास पेरू देशाच्या उत्तर किनाऱ्यावर सांपडलेलीं कांहीं मातीचीं भांडीं आम्हांस भाग पाडतात.

सुमारें इ. स. १०० ते ८०० या काळांत त्या किनाऱ्यावर मोचे लोक नांदत होते. वाळवंटांतून वाहणाऱ्या नद्यांचे पाट काढून त्यांनीं खोरीं पिकविलीं. त्यांना लिपि अवगत नव्हती, कुंभाराचें चाकही ठाऊक नव्हतें. तथापि साच्यांत माती दाबून ते मानवी मस्तकाच्या आकाराचे चंबू घडवीत, त्यांवर तांबडा व पिवळसर पांढरा रंग देत, आणि माथ्यावर रिकिबीसारखी वांकविलेली पोकळ नळी बसवून तिला तोटी जोडीत. यांतील कित्येक मस्तकें विवक्षित व्यक्तींचीं आहेत. कोणाचा एक डोळा गेलेला, कोणाचे गाल बसलेले, कोणी हसणारा. अमेरिकन संशोधक क्रिस्टोफर डॉनन यांनीं २००४ सालीं प्रसिद्ध केलेल्या ग्रंथांत अशा शेंकडों चेहऱ्यांची तुलना केली आहे. त्यांत वरच्या ओठावर व्रण असलेला एक मनुष्य पुनःपुन्हां भेटतो. कोठें तो दहा वर्षांचा मुलगा आहे, तर कोठें तिशी ओलांडलेला पुरुष. ज्या समाजाला लेखन ठाऊक नव्हतें, त्यानें एका मनुष्याचें वाढतें वय मातींत नोंदवून ठेविलें!

परंतु याच कुंभारांनीं बंदिवानांच्या मूर्तीही घडविल्या. ते बंदिवान नग्न आहेत, त्यांचे हात मागें बांधलेले आहेत, गळ्यांत दोर आहे. शिरोभूषणांनीं नटलेल्या चेहऱ्यांपैकीं कांहीं चेहरे या बंदिवानांतही ओळखूं येतात, असें डॉनन यांचें मत आहे. ही केवळ कलेंतील कल्पना होती असेंही म्हणतां येत नाहीं. पुरातत्त्वज्ञ स्टीव्ह बूर्जे यांनीं १९९५ पासून मोचे खोऱ्यांतील 'चंद्र-मंदिर' म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वास्तूच्या एका प्रांगणांत उत्खनन केलें, तेव्हां बळी दिलेल्या सत्तराहून अधिक पुरुषांचे अवशेष मिळाले. त्यांच्यासोबत बंदिवानांच्या कच्च्या मातीच्या मूर्तींचे तुकडेही होते.

कोणी म्हणेल, बळी जाणें हा त्या लोकांत बहुमानच असेल. असेल, परक्या काळास आपलें माप लावूं नये, हें आम्हांस मान्य आहे. परंतु त्या बंदिवानांचीं वस्त्रें व भूषणें हिरावून घेतलेलीं त्या मूर्तींतच दिसतात, आणि ज्याचा मान करावयाचा त्यास कोणी असें नागवीत नाहीं. शिवाय आमचा प्रश्न मोचे लोकांच्या दोषाचा नाहींच. ज्या डोळ्यांनीं ओठावरचा व्रण टिपला, त्याच डोळ्यांना गळ्यांतील दोरही स्पष्ट दिसला, आणि हातांनीं तोही तितक्याच निष्ठेनें घडविला. बारकाईनें पाहण्याची शक्ति आणि दुसऱ्याच्या दुःखानें विरघळण्याची शक्ति या एकाच मनांत शेजारीं शेजारीं राहूनही परस्परांशीं अबोला धरूं शकतात. सावकारास ऋणकोच्या घरांतील भांडें न् भांडें ठाऊक असतें. तेवढ्यानें तो त्याचा आप्त होत नाहीं.

आपली स्थिति तरी फार निराळी आहे काय? लिमा शहरांतील लार्को संग्रहालयांत आज हीं मस्तकें ओळीनें मांडलेलीं आहेत. मोचे लोकांचीं असंख्य थडगीं द्रव्यलोभी लोकांनीं उकरून टाकलीं, आणि अशा मार्गानें निघालेलीं भांडीं जगभर विकलीं गेलीं. तरी अशा भांड्यासमोर उभे राहून 'किती सजीव!' म्हणणारे पुष्कळ. तें कोणाच्या उशापासून उचललें गेलें, हें विचारणारे थोडे. घरांतही तेंच. वीस वर्षें धुणीभांडीं करणाऱ्या बाईचा चेहरा घरांतील प्रत्येकास डोळे मिटूनही आठवतो. तिच्या म्हातारपणाची काळजी कोणी घ्यावी, हें मात्र कोणास सुचत नाहीं.

म्हणून ओळख वाढविली म्हणजे आपलें कर्तव्य संपलें, असें समजणें धोक्याचें आहे. प्रवास, वाचन, कला यांनीं दृष्टि तीक्ष्ण होते, आणि ती व्हावी. परंतु दया ही या तीक्ष्णतेच्या मागून आपोआप चालत येत नाहीं. तिचा निश्चय वेगळा करावा लागतो. व्रण असलेल्या त्या मनुष्याला शेंकडों वर्षांनंतरही आपण ओळखूं शकतों, हें त्या कुंभारांचें यश खरें. पण ज्यांनीं त्याला जिवंतपणीं पाहिलें, त्यांच्याकडून त्याला केवळ ओळखीहून अधिक कांहीं मिळावयास हवें होतें.