टाळ्या थांबल्यावर

गेल्या दिवाळीत मुळशी धरणाच्या काठच्या एका गावी माझा मुक्काम होता. पहाटे काकड्याला ज्यांचा पखवाज ऐकला, ते बुवा दुपारी अंगणात कोपरापर्यंत हात चिखलात घालून बसलेले दिसले. नातवंडांसाठी ते कोरीगड रचीत होते. भाताची कापणी तोंडावर आलेली, पहाटे पुन्हा काकडा, आणि हे गृहस्थ चार वेळा मोडलेला तट पाचव्यांदा बांधीत आहेत! माथ्यावरची दोन तळी जागच्या जागी यावीत, म्हणून सारी धडपड.

मी म्हणालो, "बुवा, पोरांना एवढं कुठं कळतंय?"

ते हसले. "भजनात हात चुकला तर समोरच्यास्नी कळतं. हितं चुकलं तर माझं मलाच कळतं. ते बी लागतंच की."

हे वाक्य मला बोचले. तरुणपणी मी चित्रे काढीत असे. पुढे हौशी रंगभूमीचे वेड लागले. कलादेवीला सवत खपत नाही, असे आमच्यात वरचेवर म्हटले जाई. मी रंगांची पेटी माळ्यावर टाकली आणि त्याला निष्ठा असे नाव दिले. आता भूमिका येत नाहीत, आणि तिन्हीसांजेला काय करावे हे सुचत नाही.

मग ती निष्ठा खोटी होती काय? तसे म्हणण्याचे धाडस मला होत नाही. बालगंधर्वांनी उतारवयातही स्त्रीभूमिका सोडल्या नाहीत. मन दहा ठिकाणी वाटले असते, तर ते बालगंधर्व झाले असते काय? एका व्रताला स्वतःचे मोठेपण असते, आणि त्याची किंमतही असते.

परंतु दुसरी बाजूही डोळ्यांआड करता येत नाही. निळू फुले नट म्हणून गाजण्यापूर्वी पुण्याच्या सैनिकी वैद्यकीय महाविद्यालयाच्या बागेत माळी होते. पुढे पडद्यावर त्यांना पाहून प्रेक्षक चरफडत. झाडाला मात्र पाणी घालणारा हात खलनायकाचा की सज्जनाचा, याची फिकीर नसते. अमोल पालेकर जे. जे. कलाशाळेत चित्रकला शिकले, बँकेत नोकरी केली, 1974 च्या 'रजनीगंधा'ने लोकप्रिय झाले, आणि उत्तरायुष्यात पुन्हा कॅनव्हासकडे वळले. यात मला चंचलपणा दिसत नाही.

नटाचे काम समोरच्या माणसाच्या पसंतीवर उभे असते. त्यात कमीपणा नाही. प्रेक्षकाशिवाय नाटक नाहीच. धोका आहे तो एवढाच, की हळूहळू आपल्या बरेवाईटपणाचा निवाडाही आपण त्याच्याच हाती देऊन बसतो. मग तो उठून गेला, की आपण चांगले की वाईट हे सांगणारे कुणी उरत नाही. जिथे कुणी पाहत नाही असे एखादे काम मन लावून करणे, म्हणजे तो निवाडा थोडा तरी आपल्याकडे राखणे होय. हे केवळ नटालाच लागू आहे असे नाही. पाहुण्यांच्या शाबासकीवर दिवाळी साजरी करणाऱ्या आपल्या सर्वांनाच ते लागू आहे.

परत आल्यावर मी पेटी खाली काढली. रंग वाळून खडे झाले होते; नवे आणले. चित्रे वाईटच येतात, आणि ती मी कुणाला दाखवीत नाही. कुठे चुकले, ते मात्र माझे मला कळते.