साखर-मीठ-पाण्याला अपवाद

बाळाला जुलाब लागले की अंगावरचं दूध चालू ठेवायचं आणि घोटघोट जलसंजीवनी पाजायची, हे आशाताईंपासून बालरोगतज्ज्ञांपर्यंत सगळे एकमुखाने सांगतात. ते बरोबरच आहे. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत पटकी पसरली आणि सलाईन अपुरं पडू लागलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात कालवून पिंपं भरली. नातेवाईकच पेल्यांनी ते पाणी रुग्णांना पाजत. ३० टक्क्यांच्या आसपास असलेलं मृत्यूचं प्रमाण चार टक्क्यांच्या आत आलं.

यात साखर चवीपुरती नसते. आतड्याच्या अस्तरात एसजीएलटी-१ नावाचं प्रथिन असतं. ते ग्लुकोज आणि सोडियम यांना जोडीनेच आत घेतं आणि त्यांच्यामागून पाणी येतं. रॉबर्ट क्रेन यांनी १९६० साली ही जोडी मांडली होती.

पण क्वचित एखादं बाळ हे दार नादुरुस्त घेऊनच जन्मतं. दुधातली साखर फुटून ग्लुकोज आणि गॅलॅक्टोज होते. दोघांची वाट हीच. ती बंद असल्याने साखर आतड्यात साचते, उलट पाणी ओढून घेते, आणि पहिल्याच दिवसांत जुलाब सुरू होतात. शी इतकी पाण्यासारखी असते की दुपट्यावरचा डाग पाहून बाळाने शू केली असंच वाटतं. बाळ सुकतं म्हणून जलसंजीवनी द्यावी, तर जुलाब आणखी वाढतात.

हा आजार १९६२ साली स्वीडन आणि फ्रान्समधल्या डॉक्टरांनी नोंदवला. १९९१ मध्ये अर्नेस्ट राइट आणि सहकाऱ्यांना दोन बहिणींच्या जनुकात त्याचं मूळ सापडलं: एका अक्षराची चूक.

घरात मात्र बोट आधी आईकडे जातं. ‘तुझंच दूध बाधलं’, ‘काय खाल्लंस?’ वास्तविक सदोष जनुकाची एक प्रत आईकडून येते, तशीच एक वडिलांकडून. दोघं स्वतः ठणठणीत असतात आणि प्रत्येक गरोदरपणी धोका चारात एक. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची रीत असलेल्या घराण्यांत अशा दोन प्रती एकत्र येण्याची शक्यता वाढते. यात दोष कुणाचाच नाही, आणि एकट्या आईचा तर नाहीच.

आतड्याच्या काही जन्मजात आजारांत दूध तोडलं तरी जुलाब थांबत नाहीत. वर्षानुवर्षं शिरेतूनच पोषण द्यावं लागतं. या आजारात मात्र उपाय साधा आहे. फ्रुक्टोजला आत यायला वेगळं दार असतं, म्हणून त्यावर बेतलेलं दूध दिलं की बाळ बाळसं धरू लागतं. महाग पडतो तो उशीर.

म्हणून जलसंजीवनीचा नियम सैल करा, असं मुळीच नाही. बहुतेक बाळांचा जीव त्यानेच वाचतो. पण नियम पाठ असणं वेगळं आणि तो का चालतो हे ठाऊक असणं वेगळं. ‘का’ ठाऊक असलेला डॉक्टर ‘तुम्ही नीट पाजत नसाल’ म्हणून मोकळा होत नाही. बाळ सलाईनवर असताना तो दुपटं उलगडून बघतो आणि एकच प्रश्न विचारतो: ‘दूध बंद होतं तेव्हा शी थांबली होती का?’ याचं उत्तर, कुणी विचारलं तर, आईकडे पहिल्या आठवड्यापासून तयार असतं.