परिग्रहाचे परिमाण

पुण्याच्या बुधवार पेठेतील तपकीर गल्लीत घरच्या संगणकासाठी नवा प्रोसेसर घ्यावयास आलेला गृहस्थ ‘सर्वांत उत्तम कोणता?’ असे विचारतो, तेव्हा ज्याचा निकाल कधीच लागावयाचा नाही असा प्रश्न तो उपस्थित करीत असतो. कारण गॉर्डन मूर यांनी १९६५ साली चिपवरील घटकांची संख्या प्रतिवर्षी दुप्पट होईल असे भाकीत केले आणि १९७५ साली ती मुदत दोन वर्षांची केली, तेव्हापासून या क्षेत्रातील उत्तमत्व हे मुदतबंदच राहिले आहे.

म्हणून ‘उत्तम कोणता?’ यापेक्षा ‘आपल्याला पुरेसे किती?’ हे विचारणे बरे, आणि तो प्रश्न जैन आचारशास्त्राला जुनाच आहे. त्याने मुनीला सर्वसंगपरित्याग सांगितला. गृहस्थाला मात्र पाचव्या अणुव्रतात परिग्रहाचे, म्हणजे संग्रहाचे, परिमाण सांगितले. शेत, घर, सोने, धान्य, भांडी यांची आपल्यापुरती मर्यादा त्याने स्वतःच आखावयाची, आणि तीही मोह समोर उभा राहण्यापूर्वी. या ‘पूर्वी’तच त्या व्रताचे सारे मर्म आहे, असे मला वाटते. दुकानात उभे राहून आखलेली मर्यादा ही बहुधा हव्यासानेच मंजूर केलेली असते.

हीच मर्यादा प्रोसेसरला लावून पाहू. एएमडीच्या एएम-फोर सॉकेटचा जुना मदरबोर्ड ज्याच्या घरी आहे, त्याला बायोस अद्ययावत करून, बोर्डाच्या कंपनीच्या यादीत नाव असल्यास, रायझन ५६०० सारखा सहा कोअरचा, ६५ वॉटचा प्रोसेसर बसविता येतो, आणि बोर्ड व रॅम जागच्या जागी राहतात. तोच एएम-फाइव्ह या नव्या सॉकेटकडे वळला, तर नवा बोर्ड आणि डीडीआर-५ रॅम ही दोन्ही ओघाने आलीच. हिशेब आणि पत्रव्यवहार एवढेच ज्याचे काम, त्याला हा दुसरा खर्च परिग्रहच होय. परंतु चित्रफितींचे संपादन करून जो उदरनिर्वाह करतो, त्याचे अधिक कोअर ही चैन नव्हे. तसेच विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ च्या यादीत जुने प्रोसेसर नाहीत, म्हणून ज्याला बदल करणे प्राप्त झाले, त्याला लोभी म्हणणे अन्यायाचे होईल. अपरिग्रह म्हणजे कृपणता नव्हे.

तेव्हा गल्लीत शिरण्यापूर्वी बोर्डाचे नाव, पॉवर सप्लायचे वॉट, आपले नित्याचे काम आणि खर्चाची रक्कम कागदावर लिहून काढावी, आणि उतरवलेला जुना प्रोसेसर चालता असेल तर तो कपाटात न ठेवता ज्याच्या संगणकाला बसेल त्याला द्यावा.