स्वराज्य कुणाचं?

जुलै १६१९. अमेरिकेत व्हर्जिनियातल्या जेम्सटाउनच्या चर्चमध्ये इंग्रज वसाहतवाल्यांनी निवडलेले २२ प्रतिनिधी बसले, कायदे केले. पुस्तकं म्हणतात, तिथली लोकशाही इथं जन्मली.

ऑगस्ट सरता सरता व्हर्जिनियाच्याच किनाऱ्याला जहाज लागलं. वीसेक आफ्रिकी माणसं शिध्याच्या बदल्यात विकली गेली. पुढं १६६२ मध्ये त्याच सभेनं कायदा केला : आई गुलाम, तर लेकरूही गुलाम. जन्मावरून माणूस ठरवणं आपल्याला काय नवं?

जमीन मूळ रहिवाशांची, घाम गुलामाचा, मत मालकाचं. मग ते स्वराज्य खोटं होतं का? नाही दोस्तांनो. मालकांपुरतं ते अगदी खरं होतं, हेच भयंकर. म्हणून नुसती सभा भरली की टाळ्या पिटू नका. आधी विचारा, दाराबाहेर कोण उभं आहे?