पावती कुठे आहे?

आखातात अडकलेल्या मुलांचा आणखी एक व्हिडिओ या आठवड्यात सगळ्यांच्या फोनवर फिरला. पगार थकलेला, पासपोर्ट मालकाकडे, घरी परतायची सोय नाही. त्याहून संताप आला तो खालच्या शेऱ्यांचा. ‘जबरदस्तीने नेलं होतं का? सही करून गेले. इथल्यापेक्षा चौपट कमावतात.’

ही स्वखुशी एकदा तपासून पाहूच. खेड-दापोलीकडचा मुलगा गल्फला निघतो तेव्हा आधी एजंटला पैसे मोजतो, तेही बहुधा कर्ज काढून किंवा आईचे दागिने गहाण टाकून. नोंदणीकृत एजंटला सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि त्यावर जीएसटी, एवढंच घेता येतं. प्रत्यक्षात लाखाच्या गोष्टी होतात. पावतीवर मात्र तो आकडा कधीच येत नाही, आणि व्यवहारात मी सगळ्यात आधी पावतीच बघतो. जिथे पावती द्यायला हात कचरतो, तिथे चोरी असते.

मुलगा तिकडे उतरला की पुढ्यात अरबीतला दुसराच करार येतो. पगार कमी, काम वेगळं. तो अंगठा उठवतो, कारण खिशात परतीचं तिकीट नाही आणि गावात व्याज चालू आहे. मग कफील, म्हणजे त्याला कामावर बोलावणारा मालक, पासपोर्ट ठेवून घेतो. आपल्या कायद्याने पासपोर्टची मालकी भारत सरकारची, पण तो तिसऱ्याच माणसाच्या कपाटात कुलूपबंद. इकामासाठी, म्हणजे तिथे राहायच्या परवान्यासाठी, कफीलचंच तोंड बघायचं. काम सोडून गेला तर कफील तो फरार असल्याची तक्रार देतो, आणि थकलेला पगार मागणाराच गुन्हेगार ठरतो. आत यायचं दार उघडं, बाहेरच्या दाराची किल्ली मालकाकडे. अशा ठिकाणी त्याची सही दाखवून आपण हात झटकतो, ही निर्दयता आहे.

आणि ते चौपट? त्यातून कर्जाचं व्याज वजा करा, बुडालेले पगार वजा करा, मग उरेल ते सांगा. 12 जून 2024 रोजी कुवेतमधल्या मंगाफला कामगारांच्या इमारतीला आग लागली. 45 भारतीयांचे मृतदेह हवाई दलाच्या विमानाने मायदेशी आणावे लागले. पगार जास्त होता, म्हणून तुमच्या मुलाला हा धोका मान्यच होता, असं त्यांच्यापैकी एकाच्या तरी आईसमोर म्हणायची कोणाची छाती आहे?

तिकडचा कायदा, देशाला मिळणारं परकीय चलन वगैरे सबबींवर फार शाई घालवत नाही. कायद्याचंच म्हणाल, तर कतारने 2020 मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय नोकरी बदलायची मुभा दिली आणि 2021 पासून 1,000 रियाल किमान वेतन सगळ्यांना लागू केलं. फुटबॉल विश्वचषकामुळे जगाचे डोळे लागले, तेव्हा हे झालं. अंमलबजावणी अपुरी आहे, पण कायदे बदलता येतात एवढं त्यातून नक्की कळतं.

कामगाराला असं मालकाशी बांधून ठेवणारी कफाला पद्धत इथे बसून मोडता येणार नाही. नाही तर नाही. पण पहिली लूट मुंबईतल्या एजंटच्या कार्यालयात होते, आणि तिथे आपलाच 1983 चा उत्प्रवासन कायदा लागू आहे. तो वापरायला कुठल्या शेखची परवानगी लागत नाही. बिननोंदणीचे एजंट खुलेआम जाहिराती लावतात आणि आपण त्या वाचत पुढे जातो.

आणखी एक. परदेशी कामगार आपल्याकडेही आहे. आपल्या सोसायटीच्या दारावरचा नेपाळी वॉचमन. 1950 च्या करारामुळे त्याला इथे व्हिसा लागत नाही, पण आठवड्याची सुट्टी मिळते का, पगाराची चिठ्ठी मिळते का, हे पुढच्या सोसायटीच्या सभेत विचारा. सौदीच्या मालकाला शिव्या देणाऱ्यांनी आधी विचारावं.

घरातलं कोणी कामासाठी परदेशी निघालं असेल तर एवढं कराच. एजंटचा नोंदणी क्रमांक सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवर तपासा. कराराची प्रत घरी ठेवा. आणि दिलेल्या प्रत्येक रुपयाची पावती मागा. पावती देत नसेल, तर त्या एजंटकडून जाऊ नका.