परान्न

‘परान्न’ हा शब्द आपल्या भाषेत फारशा आदराने उच्चारला जात नाही. परान्नावर जगणारा तो आश्रित आणि परान्न टाळणारा तो व्रतस्थ, अशी आपली जुनी समजूत. याउलट अतिथीला देव मानावे, हा उपदेश आपण लहानपणापासून ऐकत आलो. म्हणजे अन्न देण्याचा धर्म आपल्याकडे तपशीलवार सांगितला गेला. अन्न घेण्याच्या धर्माविषयी मात्र आपण बरेचसे मौन पाळले. परक्याच्या दारी आपल्यापुढे पान वाढले गेले, तर पाहुण्याचे कर्तव्य कोणते? जे वाढले ते खाणे, की आपला नेम जपणे? आणि नेम जपायचाच झाला, तर नकार द्यावा तो कोणत्या शब्दांत?

२०२३ च्या मे महिन्यात आम्ही चार मित्र चेक प्रजासत्ताकात बारा दिवस हिंडलो, तेव्हा हा प्रश्न रोज दोन वेळा आमच्या टेबलाशी येऊन बसत असे. चौघेही इंदूरचे, चौघेही राज्य शासनाच्या सेवेतून निवृत्त. एक स्नेही माळकरी. मद्यमांसाला कधी न शिवलेले, आणि दैवयोग असा की त्यांची सारी नोकरी आबकारी खात्यात गेली. दुसरे सर्वभक्षी, प्रवासात खाण्याला बंधन नसावे या मताचे. आम्ही स्वतः मधले, म्हणजे मासे-मटण खाणारे, पण गोमांस वर्ज्य मानणारे. चौथ्यांना पित्ताचा त्रास असल्यामुळे ते दही-भात शोधत हिंडले. त्यांचा विचार येथे करण्याचे कारण नाही.

प्रागमधील पहिल्याच जेवणात पेच पडला. तेथील मानाचा पदार्थ म्हणजे ‘स्विच्कोवा’. गाजर, सेलरीचे कंद, कांदा यांच्यासह शिजवलेले गोमांस, त्याच भाज्या वाटून सायीत घोळवलेला दाट आंबटगोड रस्सा, वर लिंबाची चकती आणि आंबट लाल बोरांचा मुरंबा. दुसरा तितकाच घरोघरचा पदार्थ ‘वेप्रो-क्नेडलो-झेलो’, म्हणजे भाजलेले डुकराचे मांस, क्नेडलीक आणि शिजवलेला कोबी. आम्ही हा दुसरा मागवला. डुकराचे मांस पूर्वी कधी खाल्ले नव्हते; परंतु त्याविषयी आमच्या मनात नेम नव्हता, केवळ सवय नव्हती, आणि सवय ही काही नेमाच्या पंक्तीला बसवण्याची गोष्ट नव्हे.

या क्नेडलीकविषयी चार शब्द लिहिलेच पाहिजेत. मैद्याच्या आंबवलेल्या पिठात शिळ्या पावाचे तुकडे घालून मोठा लांबट गोळा करतात, तो उकळत्या पाण्यात शिजवतात आणि त्याच्या चकत्या करतात. चकत्या करायच्या त्या सुरीने नव्हे, दोऱ्याने. सुरीने तो दबतो, दोऱ्याने त्याची जाळी शाबूत राहते. नुसता खाल्ला तर बेचव. त्याचे काम रस्सा शोषून घेण्याचे. आम्हां माळव्यातील माणसांना हे समजायला वेळ लागला नाही. आपला बाफला तरी दुसरे काय करतो? तोही आधी उकडतात, मग भाजतात, आणि डाळीवाचून त्याला पुरुषार्थ नाही. एवढी ओळख पटली आणि समोरचे पान निम्मे परके राहिले.

उरलेले निम्मे परकेपण इतिहास वाचल्यावर कमी झाले. माग्दालेना दोब्रोमिला रेत्तिगोवा या बाईंनी १८२६ साली चेक भाषेत पाकशास्त्राचे पुस्तक प्रसिद्ध केले. त्या काळी तेथे राज्य हाब्सबुर्ग घराण्याचे, आणि शिकल्यासवरल्या वर्गाची भाषा जर्मन. चेक ही स्वयंपाकघरात आणि शेतावर बोलायची बोली, असा समज. अशा वेळी या बाईंनी स्वयंपाकघराचीच वाट धरून ती भाषा मध्यमवर्गीय घरांत नेली. महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्पिढ्या राहिलेल्या आपणांस यातील मर्म वेगळे सांगावयास नको. आपल्या कित्येक घरांत व्यवहाराची मराठी गेली, नातवंडांची हिंदी झाली. तरी फोडणी, कोशिंबीर, पुरणयंत्र हे शब्द ओट्यापाशी टिकून आहेत.

पुढे साम्यवादी राजवटीत याच पाककृतींना शासकीय मापात बसवण्यात आले. उपाहारगृहांसाठी अधिकृत कृतिग्रंथ निघाला; कोणत्या पदार्थात किती ग्रॅम मांस, किती पीठ, किती मीठ, सारे ठरलेले. आजही तेथील अनेक भोजनपत्रिकांत पदार्थाच्या नावाआधी मांसाचे वजन छापलेले असते. ते पाहून आमच्यातील जुना सरकारी माणूस क्षणभर सुखावला. तथापि परिपत्रकाने आमटी शिजवायची ही कल्पना जिभेला मानवणारी नव्हे, आणि त्या काळचे जेवण सर्वत्र एकाच चवीचे लागत असे ही तेथील लोकांची तक्रार आम्ही ऐकली. असो.

मग आपण ज्याला ‘त्यांचे’ अन्न म्हणतो ते तरी कितपत त्यांचे? गुलाश हंगेरीतून आला. ज्या पिवळ्या, चकचकीत बिअरने प्ल्झेन शहराचे नाव जगभर केले ती १८४२ साली प्रथम तयार झाली, आणि ती तयार करणारा योसेफ ग्रोल हा बव्हेरियाचा. तत्पूर्वी, १८३८ साली, नासकी बिअर शहरातल्या नगरभवनासमोर ओतून देण्यात आली होती. त्या लाजेतून नागरिकांनी एकत्र येऊन नवी भट्टी उभारली आणि बाहेरचा माणूस आणला. जव तेथलेच, झातेत्सच्या परिसरातले सुगंधी हॉप, प्ल्झेनचे मृदू पाणी आणि बव्हेरियाची विद्या. आज त्या देशात हिला कोणी उसनी म्हणत नाही. आपल्या एकादशीच्या ताटाकडे पाहावे. साबुदाणा ज्या कंदाचा तो, बटाटा, हिरवी मिरची, शेंगदाणे: चारही वनस्पती मुळात अमेरिका खंडातल्या, पोर्तुगीजादिकांच्या गलबतांनंतर इकडे आलेल्या. ज्या ताटाला आपण सोवळ्यातले म्हणतो ते खंडांतराचे फळ आहे. म्हणून ‘हे आपले नव्हे’ एवढे कारण नकाराला पुरेसे नाही.

मग पुरेसे कारण कोणते? येथे आम्हांला आमच्या नोकरीतला एक प्रसंग आठवतो. महसूल खात्यात नवीन असताना दुष्काळी कामांच्या पाहणीसाठी आम्ही एका वरिष्ठ सहकाऱ्यांबरोबर खेडोपाडी फिरत असू. पाटलाच्या वाड्यावर ते दोन कप चहा घेत. गावकुसाबाहेरच्या वस्तीत मात्र त्यांचे पोट हटकून बिघडे. कप पुढे करणारी म्हातारी काही बोलत नसे. ती कप मागे घेई, एवढेच. तिला कारण पक्के ठाऊक असे, आणि तिला ते ठाऊक आहे हे आमच्या सहकाऱ्यांनाही ठाऊक असे. नकार चहाला नव्हता. आपल्या देशात रोटीव्यवहाराने शतकानुशतके माणसांची पायरी ठरवली. कोणी काय खाल्ले यापेक्षा कोणाच्या हातचे खाल्ले नाही, यावरच सारी उतरंड उभी राहिली. म्हणून अन्न नाकारणे ही आपल्यासाठी निरागस कृती नव्हे. तिला एक जुना, वाईट वास आहे.

परदेशात हा वास येत नाही असे समजण्याचे कारण नाही. ‘शी, हे लोक काय काय खातात!’ हे वाक्य आम्ही युरोपातील अनेक सहलींच्या बसमध्ये शुद्ध मराठीत ऐकले आहे. त्या वाक्यात भूतदया नसते, व्रत नसते. किळस असते, आणि किळस ही स्वतःला वरचढ मानण्याची फार सोपी युक्ती आहे.

आमच्या माळकरी स्नेह्यांचा नकार या जातीचा नव्हता, हे पहिल्या दिवशीच दिसले. वाढणाऱ्या बाईंना त्यांनी फोनमधल्या भाषांतरकारामार्फत सरळ सांगितले, की आपण प्राण्याचे मांस खात नाही, दारू पीत नाही, हा आपला धर्मनियम आहे; परंतु दोऱ्याने कापलेला तो पदार्थ पाहण्याची फार इच्छा आहे. बाईंनी त्यांना स्वयंपाकघराच्या दारापर्यंत नेले. पोट बिघडल्याची सबब त्यांनी बारा दिवसांत एकदाही पुढे केली नाही. तळलेले चीज, बटाट्याचे थालीपीठवजा ‘ब्रांबोराक’, फळे भरलेले गोड क्नेडलीक यांवर त्यांचे बरे चालले. अंड्याविषयी चौकशी करता करता त्यांचे अर्धे जेवण निवून जाई, ही गोष्ट वेगळी. पेय म्हणून कोफोला, म्हणजे १९६० पासून तेथे मिळणारे वनस्पतींच्या अर्काचे गोड काळे पाणी. कार्लोवी वारीला तर त्यांचीच चंगळ झाली. तेथे चोचीच्या खास पेल्यांतून खनिज झऱ्यांचे ऊन पाणी घोट घोट पीत हिंडायचे. मुख्य झऱ्याचे पाणी ७० अंशांहून अधिक तप्त. आम्हांला ते गंजलेल्या नळासारखे लागले. त्यांनी तीन झऱ्यांचे पाणी तीर्थासारखे घेतले.

त्यांच्यामुळेच आम्हांला ‘कूबा’ कळला. जवाचे सडलेले दाणे, रानातली सुकवलेली अळंबी, लसूण आणि मरव्यासारखी एक पाला-वनस्पती यांची ही भाजलेली खिचडी. ती नाताळच्या आदल्या दिवसाची. त्या दिवशी तेथे जुन्या रीतीने उपवास असतो. दिवसभर काही न खाणाऱ्या मुलाला संध्याकाळी सोन्याचे डुक्कर दिसते, असे सांगतात. डुकराचे मांस ज्यांच्या घरी सणाचे, त्यांच्याच उपवासाला हे निरामिष अन्न! स्विच्कोवा आणि बिअर यांवरच ज्यांची सहल संपली त्यांना या प्रजेचा हा उपाशी चेहरा दिसलाच नसता. न खाणाऱ्याने विचारले, म्हणून तो दिसला. चातुर्मास नसल्यामुळे लसणाचीही अडचण आली नाही.

आता सर्वभक्षी स्नेह्यांविषयी. त्यांनी स्विच्कोवा खाल्ला, गुलाश खाल्ला, आणि परतीच्या विमानात आम्हांला बजावले, की घरी यातले अक्षर काढू नका. आमच्या मते त्यांच्या खाण्यात दोष नव्हता; प्रत्येकाचे ताट प्रत्येकाच्या विवेकाचे. दोष या बजावण्यात होता. जे खाल्ले ते घरी सांगण्याजोगे नाही असे त्यांना मनोमन वाटत होते, आणि तरी माळकऱ्यांना ते बारा दिवस ‘इतक्या दूर येऊन काय मिळवलेत?’ असे विचारत होते. ज्यांनी वाढले त्यांचे अन्न चोरून खाण्याच्या योग्यतेचे ठरवणे, हाही एक प्रकारचा नकारच नव्हे काय? ते हे मान्य करत नाहीत. त्यांचे म्हणणे, घरच्यांच्या भावना जपणे म्हणजे लबाडी नव्हे. या मुद्द्यावर आमचा वाद अजून मिटलेला नाही, आणि त्यांच्या बाजूला काहीच वजन नाही असे आम्ही म्हणणार नाही.

खाणे म्हणजेच आदर, हेही खरे नव्हे. प्रागच्या चौकाचौकांत ‘त्र्देल्निक’ नावाची साखर लावलेली पोकळ गुंडाळी जुन्या बोहेमियाचा पदार्थ म्हणून विकतात. अलीकडच्या काळात पर्यटकांसाठी फोफावलेला हा धंदा. या नावाच्या पदार्थाला २००७ साली युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण मिळाले ते शेजारच्या स्लोव्हाकियातील स्कालित्सा गावाच्या नावाने. रांगेत आम्हांला एकही चेक माणूस दिसला नाही. ती गुंडाळी आम्ही चौघांनीही खाल्ली. कोणाचा नेम आड आला नाही, आणि कोणाशी ओळखही झाली नाही.

मोराविया प्रांतात मात्र एका खेड्यात ज्यांच्याकडे उतरलो त्या गृहस्थांनी सकाळी दहा वाजता चार इवलेसे पेले भरून पुढे ठेवले. आलुबुखाराची घरची स्लिवोवित्से. ‘घरची’ म्हणजे फळे घरची. गाळायची ती परवानाधारक भट्टीवर, ठरलेल्या मर्यादेत. हे ऐकताच आमच्या आबकारी स्नेह्यांचे डोळे चमकले. त्यांनी पेला उचलला, नाकाशी नेला, कपाळाला लावला आणि खाली ठेवला. नियम सांगितला. मग फळे किती किलो लागतात, आंबवण किती आठवडे ठेवता, तीव्रता कोण मोजतो, कर कोणत्या टप्प्यावर भरावा लागतो, अशी चौकशी सुरू झाली. यजमान त्यांना परसातल्या झाडांपाशी घेऊन गेले. फांद्यांवर बोराएवढी हिरवी फळे धरली होती. आम्ही तिघे आपापला पेला संपवून बसलो होतो. घसा पेटला होता आणि ती दोघे काही केल्या परत येईनात. आल्यावर यजमानांनी तो चौथा पेला स्वतः घेतला आणि आतून त्याच फळांच्या, साखरेवाचून आटवलेल्या काळ्या मुरंब्याची बरणी आणून माळकऱ्यांच्या हातात ठेवली. ती इंदूरपर्यंत नीट आली. पंधरा दिवसांत पोळीशी खाऊन संपली, असे वहिनी सांगतात.