जातिवंत पिल्लाची किंमत

परीक्षा संपल्या की अनेक घरांत मुलांचा हट्ट सुरू होतो, "पप्पा, आपण कुत्र्याचं पिल्लू आणू या." पिल्लू म्हणजे गल्लीतले नव्हे. लॅब्राडोर हवा, पग हवा, नाहीतर मूळचा बर्फाळ प्रदेशातला हस्की, आपल्या वसईच्या उकाड्यात! पप्पा चौकशी करतात, हजारांतला आकडा ऐकतात आणि मनाशी म्हणतात, "परवडेल का?"

प्रश्न प्रामाणिक आहे, पण तो खिशापाशीच थांबतो. विक्रेत्याला दिलेले पैसे ही तर सुरुवात. पार्व्हो, डिस्टेंपर, रेबीज यांच्या लसी, जंतांचे औषध, पशुवैद्याकडच्या फेऱ्या आणि तीस किलोच्या आसपास भरणाऱ्या लॅब्राडोरचे रोजचे जेवण. हे सारे दहा-बारा वर्षे. सातवीतल्या मुलासाठी आणलेले पिल्लू म्हातारे होते, तेव्हा मुलगा नोकरीसाठी आखातात असतो आणि पहाटे कुत्र्याला फिरवायला गुडघेदुखीने बेजार झालेली आजी निघते. पिल्लू घेताना तिला कोणी विचारले होते?

याहून मोठा वाटा ते मुके जनावर स्वतः उचलते. १८७३ साली लंडनमध्ये केनेल क्लब स्थापन झाला आणि कुत्र्यांच्या वंशावळी पद्धतशीर नोंदल्या जाऊ लागल्या. ठरावीक रूप टिकावे म्हणून जवळच्या नात्यातल्या नर-मादीची जोडी लावली गेली. रूपाबरोबर दोषही पुढच्या पिढीत उतरले. पगचेच पाहा. २००३ साली हच कंपनीच्या जाहिरातीत तो एका लहान मुलाच्या मागे मागे चालला आणि देशभर पगला मागणी आली. ज्या चपट्या नाकावर आपण भाळलो, त्या नाकामुळे त्याला नीट श्वास घेता येत नाही. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो. पगला उन्हाळ्यात तेही धड जमत नाही. त्याचे घोरणे आपल्याला गोंडस वाटते!

'जातिवंत' या शब्दातच 'जात' आहे, हे जाता जाता सांगतो. सोयरीक जुळवताना कुळी पाहणाऱ्या आपल्या समाजाला कुत्र्याचीही वंशावळ पाहावीशी वाटली, तर नवल नाही.

कांट या जर्मन तत्त्वज्ञाने १७८५ साली किंमत आणि प्रतिष्ठा यांत फरक केला. ज्याच्या जागी तेवढ्याच मोलाचे दुसरे काही ठेवता येते, त्याला किंमत असते. व्यक्तीला प्रतिष्ठा असते. प्राण्यांना त्याने व्यक्तींत धरले नाही. तरीही इमानाने राबलेल्या कुत्र्याला मालकाने म्हातारपणी मरेपर्यंत सांभाळावे, असे तो शिकवी, कारण प्राण्यांशी निष्ठुर वागणारा हळूहळू माणसांशीही तसाच वागू लागतो. मला हे कारण अपुरे वाटते. गुदमरतो तो पग. आपला स्वभाव बिघडो न बिघडो, त्याचे दुःख आहेच.

ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षण ग्रंथाच्या २४१८ व्या परिच्छेदाचा आशय असा की, प्राण्यांना विनाकारण यातना देणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही; तसेच माणसांचे दैन्य दूर करण्यासाठी आधी लागणारा पैसा प्राण्यांवर खर्च करणेही शोभत नाही. यातला दुसरा भाग श्वानप्रेमींना सुनावण्यात आपण पटाईत आहोत. लग्नाच्या जेवणावळीवर लाखो उधळणाऱ्यांनी तरी तो जरा जपून सुनवावा.

मग पिल्लू आणूच नये का? तसे मी म्हणणार नाही. गल्लीतले पिल्लू आपल्या हवेत रुळलेले असते. त्यालाही लस आणि वेळ लागतोच, पण त्याच्यासाठी कुठल्या मादीला पिंजऱ्यात ठेवून वारंवार व्यायला लावलेले नसते. जातिवंतच हवे असेल, तर केंद्र सरकारचे २०१७ चे नियम माहीत असू द्या. पैदास करणाऱ्याची राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी हवी, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकता येत नाही, आणि मादीची वर्षातून एकदाच व आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा वीण घेता येत नाही. विक्रेत्याकडे नोंदणीचा कागद मागा. मग पिल्लाची आई दाखवायला सांगा. तो कां कूं करू लागला, तर मुलाचा हात धरून रिकाम्या हाती घरी या.